खिडकी बेरिलची

मोरकम, शनिवार सकाळ

प्रिय बेरिल,

घरात फोन असताना हेटीला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तू म्हणणारच. आत्ता तासाभरापूर्वीच तर आपण बोललो. मोरकमला ऊन आहे का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, आहे, समुद्र ओहोटीला लागून पार दिसेनासा झालाय आणि लोक वाळूत कुत्री फिरवतायत. मग मी तुझ्या डोळ्यांचा विषय काढला आणि तुझी किटली उकळली. काल काढला तेव्हा दारावर कुणीतरी आलं होतं. बुधवारी काढला तेव्हा शेगडीवर दूध होतं. बेरिल, तुझ्या शेगडीवर दूध कधी असतं गं? जन्मभर चहात गार दूध ओतणारी बाई तू. गुरुवारी तर मी सकाळची गाडी पकडून तुझ्या घरी क्लिदरोला आले. तू केक कापलास, गावातल्या तीन बायकांना नावं ठेवलीस, आणि ‘डोळ्यांचा डॉक्टर’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले न पडले तोच उठून माझा कोट माझ्या हातात दिलास. ‘तुझी गाडी चुकेल,’ म्हणालीस. गाडीला अजून अख्खी दुपार होती. मी स्टेशनातल्या बाकावर बसून राहिले आणि तिथेच ठरवलं की हे आता असं चालू द्यायचं नाही.

लहानपणापासून मी तुझं ऐकत आले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा कधी जाच झाला नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होतीस तेव्हा तू नुसतं बघितलंस तरी पोरं ताटातली गाजरं संपवायची. मीही संपवली. कुठला कोट घ्यायचा, कुणाशी बोलायचं, सुट्टीत कुठे जायचं, सगळं तू ठरवलंस आणि बहुतेक वेळा बरोबरच ठरवलंस. आता सहलीच्या कंपनीचं नवं पुस्तक आलंय, पुढच्या वर्षीच्या स्कॉटलंडची चित्रं आहेत त्यात. ‘बुक केलंस का? खिडकीकडची माझी, लक्षात ठेव,’ म्हणून तू आठवडाभर विचारते आहेस. नाही केलं. तू डोळे दाखवून येईपर्यंत करणारही नाही. या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही, आणि रडून, रुसून, कोट हातात देऊन काही उपयोग होणार नाही.

या जूनच्या सहलीत मी तुला दिवसभर काही ना काही सांगत होते. पण जे सांगितलं नाही ते जास्त आहे. तुझा नवरा गेला, हॅरल्ड, त्यानंतर आपण दोघी या बसच्या सहलींना जायला लागलो, तेव्हापासून खिडकी तुझी. मी मधल्या वाटेकडे, मांडीवर दोघींच्या पिशव्या, पायाशी थर्मास. सुरुवातीला तू मला दाखवायचीस. हेटी, तो मनोरा बघ, हेटी, त्या मेंढ्या बघ, अगं झोपतेस काय. मग कधीतरी ते उलटं झालं. ‘हेटी, ते काय आहे सांग बघू?’ बाई वर्गात विचारतात तसं विचारायचीस, स्वतःला उत्तर ठाऊक असल्यासारखं. मी सांगायची. आणि मी सांगितलेलं तू मागे वळून ब्रॅडफर्डच्या त्या बाईला ऐकवायचीस. यॉर्कच्या कॅथिड्रलमधल्या काचांचे रंग तू माझ्याकडून ऐकून तिला सांगितलेस, आणि माझ्यापेक्षा फार छान सांगितलेस. ती बिचारी मला म्हणाली, ‘तुमच्या बहिणीची नजर काय हो बारीक!’

मला शंका होती. खात्री मी मुद्दाम करून घेतली, आणि ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. चेस्टर सोडून आपण वेल्समध्ये शिरलो. लँगोलेनजवळ नदी रस्त्याला अगदी खेटून वाहते, आणि नदीत काहीही नव्हतं. मी म्हटलं, ‘बेरिल, तो बघितलास का, नदीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला पाद्री? पिवळी छत्री घेतलेला?’ तू क्षणभरही थांबली नाहीस. ‘मघाशीच पाहिला,’ म्हणालीस, ‘वेल्शच ते. यांच्यात हे चालायचंच.’ ब्रॅडफर्डची बाई अर्धी उठली. ‘कुठे? कुठे आहे पाद्री?’ तू तिला म्हणालीस, ‘गेला मागे. तुम्ही लोकर विणण्यातून डोकं वर काढाल तर दिसेल ना काही!’ अख्खी बस हसली. मीही हसले आणि मग रुमाल काढून शिंकल्यासारखं केलं. आता तू चिडली असशील. चिड. मी तुझी थट्टा केली नाही, बेरिल. आधीचा आठवडाभर माझ्या मनात घुटमळत होतं ते मला एकदाचं कळून घ्यायचं होतं.

मग बोटीनं आयर्लंडला उतरलो, त्या डब्लिनचंही सांगते. रंगीत दारांच्या त्या जुन्या घरांच्या रांगेसमोरून बस हळूहळू चालली होती आणि आपला गाइड फिंटन रंगात आला होता. कॉर्क गावचा माणूस, त्याच्या जिभेला हाड नाही. ‘मंडळी, उजवीकडे बघा, उजवीकडे पाऊस. आता डावीकडे बघा. डावीकडेही पाऊसच, पण तो तिकिटात धरलेला आहे, जास्तीचे पैसे नाहीत.’ तू दारांकडे बघत मोठ्यानं म्हणालीस, ‘एवढी नावाजलेली घरं, पण या लोकांना चौकट सरळ बसवता आलेली नाही. लाटेसारखी वाकडी आहे मेली!’ फिंटननं छातीवर हात ठेवला. ‘बाईसाहेब, सुतार माझ्या आजोळचा असणार.’ पुन्हा सगळे हसले. चौकटी सरळ होत्या, बेरिल. एकूण एक सरळ होत्या. तुला खुसपटं काढायची सवय आहे म्हणून मी त्यावर जास्त विचार केला नाही.

आणि मग कॅशेल. ते तर तू कुणापुढे काढूच देत नाहीस. टेकडीवरचं ते पडकं चर्च बघून आपण खाली येत होतो, पायऱ्या पावसानं निसरड्या झाल्या होत्या, मी हात पुढे केला आणि तू तो झटकलास. ‘मी काय म्हातारी झालेय?’ मी म्हटलं, ‘मग मी कोण आहे, शाळकरी पोर?’ तू तरातरा पुढे निघून गेलीस. माझंही डोकं फिरलं. खाली मैदानात आपल्याच कंपनीच्या दोन बस शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हिरव्या, दोन्हीची दारं उघडी, कुठली कुठे जाणार ते फक्त काचेला लावलेल्या पाटीवर. मी आपल्या बसमध्ये चढले, तुझ्या खिडकीशी तुझ्यासारख्याच रेनकोटाची टोपी ओढून बसलेलं डोकं पाहिलं, आणि म्हटलं, बैस तशीच फुगून. मी पार मागच्या बाकावर रॉचडेलच्या नवराबायकोशेजारी जाऊन बसले. फिंटन नेहमीसारखा मधल्या वाटेनं डोकी मोजत आला. टोपी असो, टक्कल असो, डोकं म्हणजे डोकं. आकडा बरोबर भरला. त्यानं ड्रायव्हरला अंगठा दाखवला आणि आपण किलार्नीच्या रस्त्याला लागलो.

मिचेल्सटाउन जवळ आलं तेव्हा माझा राग उतरला. तुझ्यावरचा राग माझ्याकडून फार वेळ धरवत नाही, हा माझा दोष आहे. पिशवीतून टॉफी काढली, पुढे गेले, त्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘घे. आणि आता बास कर.’ टोपी माझ्याकडे वळली. आत पांढऱ्या मिश्यांचा म्हातारा! ‘टॉफी घेतो की,’ म्हणाला, ‘पण बास काय करू, ते तेवढं सांगा.’ मी विचारलं, तुम्ही कोण? ‘मी इद्वल प्रिचर्ड, बाला गावचा. आणि अहो बाई, मी मघापासून विचार करतोय, आमच्या मंडळींना आज झालंय काय? बस सुटून इतका वेळ झाला आणि अजून कुणी गायला सुरुवात कशी केली नाही!’ मी म्हटलं, ही तुमची बस नाही. तो म्हणाला, ‘असं होय! तरीच. वेल्श माणूस इतका वेळ गप्प बसणं शक्य नाही.’

मला त्याच्या बोलण्याचं हसू नंतर आलं. त्या वेळी मला एकच कळत होतं, की माझी बेरिल बसमध्ये नाही. मी किंचाळलेच असेन, कारण ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. फिंटनचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ‘डोकी बरोबर भरली हो!’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ‘देवाशपथ, बरोबर भरली!’ भरणारच. एक गेलं आणि एक आलं. तुला फोन लावला, तर तुझा मोबाइल माझ्याच पिशवीत वाजला. मग फिंटननं दुसऱ्या बसच्या गाइडला फोन लावला. त्यांची बस किलकेनीच्या वाटेवर होती, आपल्या अगदी उलट्या दिशेला. तिकडून कुणीतरी मागे जाऊन बघून आलं आणि सांगितलं, हो, आहे एक बाई, निळ्या स्कार्फची, खिडकीशी. मी तिथल्या तिथे बसच्या पायरीवर बसले.

दोन्ही बस कॅशेलला परत फिरवायचं ठरलं. लोक कुरकुरणार असं मला वाटलं होतं. पण त्याआधीच इद्वल प्रिचर्ड उठून उभा राहिला आणि सबंध बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘मंडळी, चूक माझी! मला दिसत नाही. मधलं सगळं पुसलं गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. या बाईंचं तोंड मला दिसत नाही, कान मात्र झकास आहेत.’ बस हसली. रॉचडेलच्या माणसानं थर्मासातला चहा त्याच्या हातात दिला, ब्रॅडफर्डच्या बाईनं त्याचा ओला रेनकोट काढून झटकून वाळत टाकला. एवढंच झालं, बेरिल. एका माणसानं ‘मला दिसत नाही’ म्हटलं आणि त्याला चहा मिळाला.

परतीच्या वाटेवर मी तुझ्या जागेशेजारी माझ्या जागेवर बसले आणि तो तुझ्या खिडकीशी. त्याचा एक डोळा आधी गेला, मग दुसऱ्यानं कुरबुर सुरू केली. ‘पहिला मी गप्प बसून घालवला,’ तो म्हणाला, ‘दुसरा बोंब मारून थोडाफार वाचवला.’ डोळ्यात इंजेक्शन देतात म्हणे. ऐकून मी अंग चोरलं, तर म्हणतो, ‘मीही पळून जायच्या बेतात होतो. आधी बधिर करतात, मग काही कळत नाही. त्या दिवशी डोळा चुरचुरतो, दुसऱ्या दिवशी मी बागेत. गेलेलं परत येत नाही, पण जे उरलंय ते धरून ठेवतात. माझं उरलेलं मला फार आवडतं.’ मग त्यानं विचारलं, ‘आणि तुमची बहीण आमच्या बसमध्ये कशी गेली? तिलाही?’ मी तोवर हे कुणाजवळ बोलले नव्हते. मी म्हटलं, हो. आणि एकदा तोंड उघडल्यावर मी त्याला सगळंच सांगितलं, पाद्री, पिवळी छत्री, आणि डब्लिनच्या वाकड्या चौकटीही. चौकटींचं ऐकलं आणि तो गंभीर झाला. ‘सरळ रेघ वाकडी दिसते? अहो, मग इथे टॉफ्या काय वाटत बसलाय? माझंही अस्संच सुरू झालं होतं. हे वाट बघत बसण्यातलं नव्हे. तिला घेऊन जा. ओढत न्यावी लागली तर ओढत न्या.’

कॅशेलला त्यांची बस आधी पोचली होती. दार उघडलं आणि तू राणीसारखी खाली उतरलीस. ‘काय हा गोंधळ! एका बाईनं जरा वेगळं गाव बघायचं ठरवलं, तर एवढा बोभाटा?’ आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिंटन तुझ्या पाया पडायचाच बाकी होता. ‘चूक माझी, बाईसाहेब. डोकी मोजली, तोंडं नाही बघितली.’ आणि तू त्याला म्हणालीस, ‘यापुढे बघत जा.’ त्याची तक्रार कंपनीकडे करायची, असा हट्ट तू अजून धरून आहेस, आणि ती मी लिहायची म्हणतेस. ती मी लिहिणार नाही. त्या माणसाची चूक नव्हती हे तुला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तुला माहीत आहे.

तू आपल्या बसकडे निघालीस तेव्हा त्या बसमध्ये तुझ्या शेजारी बसलेल्या वेल्श बाईनं माझा हात धरून मला बाजूला घेतलं. ती म्हणाली, ‘तिला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. मी वेल्शमध्ये काहीतरी बोलले आणि ती दगड झाली. मी म्हटलं, गाडी थांबवायला सांगते, तर म्हणाली, नको, मला किलकेनीच बघायचंय. हसून म्हणाली हो. पण पुढच्या बाकाची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, आणि सबंध वाटभर सोडली नाही.’ हे मी तुला आजवर सांगितलं नाही. त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोरून ते हात जात नाहीत. पाटी वाचता आली नाही, एवढं एक वाक्य बोलण्यापेक्षा तू अनोळखी लोकांबरोबर, खिशात फोन नसताना, भलत्याच गावाला जायला तयार झालीस. इतकी घाबरलीस तू, आणि मी मागच्या बाकावर रुसून बसले होते.

दुसऱ्या दिवशी केरीच्या डोंगरांतून बस निघाली. तुला आठवतं, मी गप्प होते. हवा अगदी स्वच्छ होती. खाली तळी चमकत होती, एकामागे एक डोंगर, शेवटचे निळे, आणि उन्हात धुतल्यासारखं गवत. तू मला कोपरानं ढोसलंस. ‘झोपलीस का? सांग की काहीतरी.’ दिसत होतं ते सांगायला गेले असते तर रडले असते. म्हणून मी म्हटलं, ‘धुकं आहे, बेरिल. काही दिसत नाही.’ तू खिडकीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, ‘हो ना. फार दाट आहे.’ तिथे मला समजलं की मी तुझे डोळे होऊन तुझं भलं करत नाहीये. माझ्यामुळे तुला कुणाला काही सांगायची वेळच येत नाही. मी पाट्या वाचते, पत्रं वाचते, हॉटेलातला जेवणाचा कागद वाचते, आणि तू ‘चष्मा वर राहिला’ म्हणतेस. एक डोळा बहुतेक गेलाच, आणि तोवर तुझा दुसराही चाललाय.

तुला कशाची भीती वाटते ते मला ठाऊक आहे. बाबांचे डोळे गेले तेव्हा मी इथे हॉटेलात कामाला होते, म्हणून त्यांचं सगळं तू केलंस, आणि मी फक्त सुट्टीला येऊन बघितलं. पण जेवढं बघितलं ते विसरले नाही. बर्न्लीच्या बसमध्ये जन्मभर तिकिटं फाडलेला, प्रत्येक उतारूला नावानं हाक मारणारा माणूस शेगडीजवळच्या खुर्चीत बसवला गेला आणि तिथेच राहिला. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जसे काही कानही गेलेत. त्यांच्या देखत आईला विचारायचे, ‘आज बरे आहेत का हे?’ तू एकदा परसात कपडे वाळत घालताना म्हणाली होतीस, ‘मला असं कुणी बसवलं तर मी खुर्ची जाळीन.’ बेरिल, बाबांसाठी तेव्हा कुणी काही करू शकत नव्हतं. तुझ्यासाठी करता येण्यासारखं आहे, आणि तू ते लपवण्यात वाया घालवते आहेस. आणि तुला खुर्चीत बसवायची माझी काय टाप आहे! तुझी उरलेली नजर मला हवी आहे. ती माझ्या हक्काची आहे असं मी मानते, कारण माझं दुसरं कुणी नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी ते मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय, जेवढं माझ्या हाताला जमलं तेवढं बारीक, आणि सगळ्यात फिकी शाई शोधून. तुझ्या टेबलावरचं भिंग गुरुवारी निघताना रागानं मी माझ्या पिशवीत टाकून आणलं, तेव्हा शोधू नकोस. सोमवारी सकाळी हे तुझ्या दारात पडेल, पाकीट जाडजूड आहे, आणि माझ्या पत्रात काय आहे हे कळल्याशिवाय तुला दुपारपर्यंतही राहवणार नाही. मला फोन केलास तर मी उचलणार नाही. म्हणजे तुला कुणाकडे तरी जाऊन ‘मला हे वाचून दाखवा’ म्हणावं लागलं असेल. तू हे ऐकते आहेस याचा अर्थ तू ते म्हणालीस. म्हणालीस ना? आभाळ कोसळलं का? आणि जे कुणी हे वाचून दाखवताय, शेजारपाजारचे, चर्चमधले किंवा पोस्टाची थैली खांद्यावर घेऊन दारात उभे असाल, तुम्हाला माझा नमस्कार. मी हेटी, हिची धाकटी बहीण. चष्मा सापडत नाही असं तिनं तुम्हाला सांगितलं असेल. तो तिच्या गळ्यात लटकतोय. तुम्ही आता सगळं ऐकलंत, तेव्हा तुम्हीही यात आलात, त्याला माझा इलाज नाही. मंगळवारी सकाळी तिला गावातल्या चष्मेवाल्याकडे डोळे तपासायला जायचंय. चौकटी वाकड्या दिसतात हे मी त्यांना सांगून ठेवलंय, आणि ते तिथून लगेच हॉस्पिटलात पाठवतो म्हणालेत. मी सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं येते आहे. तोवर ती उठून किटली ठेवायला जाईल, दारावर कुणी आलं म्हणेल, तुमचा कोट तुमच्या हातात देईल. जाऊ नका. चहा मागून घ्या आणि बसून राहा. आणि आत्ता, पत्र खाली ठेवायच्या आधी, एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघा आणि ती हसतेय, रडतेय की रागानं लाल झालीय, ते मला तुमच्या फोनवरून सांगा, तो मी उचलेन. ती स्वतः सांगणार नाही, आणि मला इथून दिसत नाही.

तुझीच, आणि या वेळी तुझं न ऐकणारी,
हेटी